४४ बाइटची गाणी

धुळ्याच्या घरातल्या कपाटभर सीड्या भाच्याने चहा गार व्हायच्या आत पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या. आप्पांनी खूश होऊन त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली. मला एवढी चपळाई पचेना, म्हणून फाइली तपासल्या. वीस मिनिटांचा मारवा ४४ बाइट. अडीच मिनिटांचं भावगीत, तेही ४४ बाइट. संगीतात एवढी समानता मी पहिल्यांदाच पाहिली.

ऑडिओ सीडी उघडली की विंडोज ज्या सीडीए फाइली दाखवतं, त्यांत गाणं नसतंच. ते कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढीच नोंद असते. म्हणजे पोराने गाण्यांचे पत्ते आणले, गाणी राहिली कपाटात. नोट काही परत आली नाही. काम मात्र माझ्या गळ्यात पडलं, कारण ‘असं नाही चालत’ हे वाक्य मी मोठ्याने बोललो होतो.

ही तबकडी १९८२ साली बाजारात आली ती वाजवण्यासाठी. कॉम्प्युटरने ती वाचावी, यासाठी ती बनवलीच नव्हती. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. मिनिटाला साधारण दहा एमबी. डेटा सीडीच्या २,३५२ बाइटच्या प्रत्येक कप्प्यात माल २,०४८ बाइटचाच. उरलेल्या जागेत ठावठिकाणा आणि चूक सुधारण्याची जादा तरतूद. ऑडिओ सीडीत सगळे २,३५२ बाइट गाण्याचेच. चूक सुधारायची एक मूळ सोय दोन्हींत असते, पण तिने हात टेकले की गाण्याला मागे वाली नाही. मग प्लेअर आजूबाजूचे आकडे बघून मधला आकडा मनानेच ठोकून देतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला मात्र हे कळल्यापासून गाण्यातली प्रत्येक हरकत गायकाची की प्लेअरच्या पदरची, ही शंका छळू लागली.

यावर आंद्रे विथॉफ नावाच्या जर्मन गृहस्थांनी लिहिलेला ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याचा ड्राइव्हच्या शब्दावर काडीचा विश्वास नाही. प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचायला लावतो. उत्तर जुळलं नाही की पुन्हा, परत पुन्हा. माझी आत्या स्थळ बघताना मुलाचा पगार आधी मुलाच्या काकाला, मग शेजाऱ्याला, मग कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याला विचारते, तसं. आत्याप्रमाणेच त्याला घाई नाही. मे महिन्याची दुपार, बाहेर त्रेचाळीस अंश, ड्राइव्ह कण्हतोय आणि पडद्यावरची पट्टी जागची हलत नाही. आईने डोकावून विचारलं, ‘‘गानं आयकानं शे का मोजानं?’’

चरे हा वेगळाच अध्याय. रावेरहून आलेल्या मामांनी खात्रीचा इलाज सांगितला : केळं चोळायचं, मग सालीच्या आतल्या बाजूने पुसायचं. हा उपाय त्यांचा एकट्याचा नाही, जगभर सांगितला जातो. पण रावेरच्या माणसाने सांगितला की त्याला कृषी विद्यापीठाची शिफारस असल्यासारखं वजन येतं. मी मऊ कापड घेतलं आणि मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसलं. गोल गोल पुसू नये, कारण गाणं गोल फिरत लिहिलेलं असतं आणि त्याच दिशेचा चरा सलग मजकूर खातो. मामा खिन्न झाले. केळं त्यांनीच खाल्लं.

लोक खालची चकचकीत बाजू जपतात. त्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचं चिलखत असतं, तिथले छोटे चरे लेझर सहज खपवून घेतो. खरा धोका वरच्या, छापील बाजूला. चमकणारा पातळ थर तिथेच, लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. आप्पांनी नेमक्या त्याच बाजूला, बॉलपेन दाबून, वळणदार अक्षरात प्रत्येक सीडीवर आपलं पूर्ण नाव, गाव आणि तालुका लिहिला आहे. तालुक्याच्या जागी दोन नाट्यपदं कायमची गेली.

त्यात आणखी एक भानगड. ड्राइव्ह नेमक्या जागेवरून वाचायला सुरुवात करत नाही. मॉडेलप्रमाणे चारदोन, कधी शेकडो नमुने पुढेमागे सरकतो. माझा सहा नमुन्यांनी सरकतो, म्हणजे सेकंदाच्या सात हजाराव्या भागाएवढा. हे मी दुरुस्त केलं. का केलं, असं बायकोने विचारलं तेव्हा माझ्याजवळ शास्त्र होतं, उत्तर नव्हतं.

सरकणं दुरुस्त केलं की ‘अ‍ॅक्युरेटरिप’ची मजा घेता येते. या डेटाबेसमध्ये जगभरच्या लोकांनी केलेल्या प्रतींचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांवरून काढलेला ओळखीचा आकडा, असतात. त्यांच्याशी तुमची प्रत ताडून बघतात. शास्त्रीय गायनाच्या सीड्या पटापट जुळल्या. कुठल्या तरी परक्या गावात कुणी तरी याच चिवटपणे घरच्यांची बोलणी खात बसला असेल, या कल्पनेने मला भरून आलं.

मग एकवीरा देवीच्या यात्रेतल्या स्टॉलवर घेतलेली कानबाई या खानदेशी देवीच्या गाण्यांची सीडी लावली. ‘डेटाबेसमध्ये नाही.’ असणार कशी! मग स्वतःच दोनदा वाचून चेकसम ताडले. जुळले. चुका शून्य. मग तिची फ्लॅक नावाच्या प्रकारची फाइल केली, जिच्यात आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि एक बिटही हरवत नाही. मोठ्या अभिमानाने आवाजाचा आलेख उघडला, तर सोळा हजार हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सगळं कोरं. आकार कमी करायला वरचे सूर असे छाटून टाकते ती एमपीथ्री. म्हणजे स्टॉलवाल्याने कुठलीशी एमपीथ्री सीडीवर जाळून विकली होती आणि मी तिची जगातली सर्वांत प्रामाणिक प्रत तयार केली होती.

तरी आईला ऐकवली. सोळा बिटांत अगदी हळू आवाजापासून अगदी मोठ्यापर्यंत शहाण्णव डेसिबलची रेंज मावते. आमच्या कूलरने त्यातली खालची बरीचशी आधीच व्यापलेली होती. तो बंद करायला कुणी तयार नव्हतं. आई कान देऊन ऐकत होती. तिसऱ्या गाण्याला तिने हात वर केला. ही बाई मधली एक ओळ गाळते, म्हणाली, आणि ती ओळ तिने कूलरच्या वरताण खड्या आवाजात म्हणून दाखवली.

‘‘आते ती बी भरी दे तठे.’’

मी म्हटलं, यात तशी सोय नाही.

‘‘मंग इतला दिन काय करी राह्यन्ता?’’