‘तारकर्ली काय वाईट होती?’

आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक जुना फोटो फिरून येतो. डावीकडे एप्रिल २०२१ मधली स्मशानातली रांग, उजवीकडे मालदीवच्या निळ्या पाण्यात कमरेपर्यंत उभी असलेली एक हिंदी नटी. खाली एवढंच: ‘विसरू नका.’ टाकणारा आमचा ठाण्याचा मोठा मावसभाऊ, बँकेतून निवृत्त. त्याच्या मागोमाग बाकीचे सुरू होतात. लोक ऑक्सिजनसाठी धावत होते आणि यांना पोहायचं सुचत होतं. उधळायचेच होते तर आपल्या कोकणात उधळायचे. शेवटी कुणीतरी हटकून विचारतं, तारकर्ली काय वाईट होती?

तारकर्ली वाईट नव्हती. मी मालवणचा आहे, मला कुणी सांगायला नको. पण मी मालदीवमधल्या एका रिसॉर्टच्या खरेदी खात्यात नोकरी करतो, आणि त्या फोटोतल्या पाण्यामागे जी व्हिला दिसते तसल्या व्हिलांना लागणारा कांदा, साबण, पनीर आणि शॅम्पेन मागवणं हे माझं काम आहे. त्यामुळे ‘विसरू नका’ मला दोन्हीकडून लागतं. विसरलेलो नाहीच. दादाला आठवतं त्याच्यापेक्षा जास्त आठवतं.

उदाहरणार्थ, त्याआधीचं वर्ष. २७ मार्च २०२० ला इथे पर्यटकांना व्हिसा देणं थांबलं. रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट. वीज आपली आपण करायची, समुद्राचं पाणी आपलं आपण गोडं करायचं. पाहुणा नाही म्हणून जनरेटर थांबवता येत नाही. रिकाम्या व्हिलांचे एसी आलटून पालटून चालू ठेवावे लागायचे, नाहीतर गाद्यांना बुरशी. रोज सकाळी वाळूवर दाताळं फिरायचं, जिच्यावरून कुणी चालणार नव्हतं त्या वाळूवर. पगार निम्मे झाले. मे महिन्यात भारतीय नौदलाची जलाश्व ही नौका इथल्या राजधानीला, मालेला, आली आणि ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला गेली. आमच्या किचनमधली दोन कोकणी पोरं त्यात होती. त्या वर्षी या देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ एक तृतीयांशाने आक्रसली. आपल्याकडे ‘मंदी’ म्हणतात ती यापुढे सर्दी-पडसं.

म्हणून १५ जुलै २०२० ला यांनी दारं उघडली. विलगीकरण नाही, पुढे सप्टेंबरपासून निघण्याआधीची निगेटिव्ह चाचणी, बस्स. एका बेटावर एकच हॉटेल, ही गोष्ट इथे १९७२ पासून चालत आलेली. तिचा असा उपयोग होईल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. थायलंड बंद, सिंगापूर बंद, बाली बंद, युरोप आपल्याला दारात उभं करेना. चिनी पाहुणा, जो २०१९ पर्यंत इथे पहिला होता, तो घराबाहेरच पडत नव्हता. भारताशी मात्र एअर बबल, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवलेली विमानसेवा, झालं आणि मुंबईहून तीन तासांच्या आत माणूस मास्क काढून बसू शकेल अशी ही एकच जागा उरली. २०२० साली इथे आलेल्या साडेपाच लाखांत भारतीय पहिले, साधारण त्रेसष्ट हजार. २०२१ साली दोन लाख नव्वद हजारांवर. नटनट्या त्यात किती असतील? शंभर? दोनशे? बाकीचे पुण्याचे डॉक्टर, सुरतेचे व्यापारी, लग्नाचा हॉल रद्द करावा लागलेली जोडपी, ज्यांच्या बापाने ‘हॉलचे वाचले ते घ्या’ म्हणून सांगितलं होतं.

हे लोक काही सोपे नव्हते, हेही सांगतो. आम्हाला रशियन आणि जर्मन पाहुण्यांची सवय. जर्मन माणूस पुस्तक घेऊन खुर्चीत पडला की संध्याकाळीच हलतो. आपल्याकडचा माणूस पहिल्या तासात वायफाय, गरम पाणी आणि जैन जेवण विचारतो, दुसऱ्या तासात खोली बदलून मागतो. माझ्या मागणीपत्रकात हिंग आणि बेसन त्या वर्षी पहिल्यांदा किलोंवरून पोत्यांवर गेलं. मग फ्लोटिंग ब्रेकफास्ट: वेताची मोठी परात स्विमिंग पूलमध्ये तरंगत सोडायची, तिच्यात पॅनकेक, फळं, अंडी, जास्वंदीचं फूल. फोटो काढेपर्यंत टोस्टला पाणी लागलेलं असतं. मग तीच माणसं कोरडी होऊन रेस्टॉरंटात डोसा खायला यायची. मला त्यांची लाज वाटायची का? वाटायची. मालदीवियन सहकाऱ्यांसमोर जरा जास्तच. पण परातीगणिक जे डॉलर लागत होते त्यातूनच आमचे निम्मे पगार पुन्हा पुरे झाले, आणि जलाश्ववरून गेलेली ती दोन पोरं डिसेंबरात परत कामावर आली.

आता तो एप्रिल. शोभा डे यांनी लिहिलं, नवाजुद्दीन सिद्दीकी बोलला, की लोक मरताहेत तेव्हा निदान फोटो तरी टाकू नका. फोटोंबद्दल माझं काही म्हणणं नाही. टाकायला नको होते. पण घरी बसलेल्यांनी त्यातून असा अर्थ काढला की जो जो तेव्हा इथे होता तो तो निर्लज्ज. पुढच्याच महिन्यात, मे मध्ये, आयपीएल बंद पडली आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू इथेच येऊन राहिले, कारण त्यांच्याच सरकारने भारतातून येणाऱ्यांना, अगदी स्वतःच्या नागरिकांनाही, दार लावलं होतं. त्यांना आमच्या ग्रुपवर कुणी निर्लज्ज म्हटलं नाही. ‘बिचारे अडकले’ म्हटलं.

अडकलेले मी बघितले आहेत. परत जाणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी चाचणी लागायची. मालेहून स्पीडबोटीने स्वॅब घेणारे यायचे, आणि जिमशेजारच्या खोलीबाहेर बाथरोबमधली माणसं सहा-सहा फुटांवर उभी राहायची. त्या रांगेत कुणी फोटो काढत नसे. एकदा फ्रंट ऑफिसने मला बोलावलं, मराठी बोलणारं कुणी हवंय म्हणून. चिंचवडचा एक कारखानदार, पन्नाशीचा. तो पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह. नियमाप्रमाणे त्याची रवानगी बेटाच्या टोकाच्या आयसोलेशन व्हिलात, रोजचं भाडं त्यानेच भरायचं. त्याला भाड्याचं काही नव्हतं. पुण्यात त्याचे वडील रिक्षात बसून होते आणि त्यांना बेड मिळत नव्हता. तो डेकवर अनवाणी उभा, एका कानाला एक फोन, दुसरा हातात, आणि मी खाली वाळूवर ठरवून दिलेल्या अंतरावर. मला म्हणाला, ‘साहेब, तुमची इथे कुणाशी ओळख?’ इथे म्हणजे कुठे हे त्याला तरी कळत होतं का कोण जाणे. माझी ओळख मालेच्या कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यांशी. मी म्हटलं, जेवायला काय पाठवू? तो म्हणाला, मऊ भात. तेवढं एक काम मला जमण्यासारखं होतं, ते मी केलं. रात्री उशिरा बेड मिळाला, वडील पुढे बरे झाले. चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत तो त्या व्हिलात राहिला. पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. त्या एकदाही ओल्या झाल्या नाहीत, असं रूम बॉय सांगायचा.

दादाच्या फोटोत हा माणूस उजव्या बाजूला धरायचा की डाव्या?

२७ एप्रिलपासून भारतीयांना वस्तीच्या बेटांवर बंदी आली. म्हणजे गेस्टहाऊसच्या साध्या खोलीत उतरणारा गेला, महागड्या व्हिलातला राहिला. गावात साथ पसरू नये म्हणून ते केलं होतं आणि ते बरोबरही होतं, पण सगळी श्रीमंती-गरिबी त्या एका आदेशात दिसते. तिच्यावर ग्रुपमध्ये एक ओळ आली नाही. १३ मे पासून तर दक्षिण आशियातल्या सगळ्यांचाच प्रवेश थांबला, तो १५ जुलैपर्यंत. तेव्हा मालेतही साथ जोरात होती, संचारबंदी होती, आणि बोटीने अर्ध्या-पाऊण तासावर रिसॉर्ट चालू होते. इथल्या माणसाने ‘लाज वाटत नाही का’ म्हणून फॉरवर्ड पाठवलेला मी पाहिला नाही. प्रत्येक घरातलं कुणीतरी रिसॉर्टवर कामाला असतं. लाज परवडायलाही घरात पेन्शन लागतं.

हे जरा लागेल असं लिहिलं. राहू दे. याच दादाने मागच्या वर्षी मला खासगीत फोन करून भाचीच्या हनिमूनसाठी स्टाफ रेट मिळतो का विचारलं. मी मिळवून दिला. तिने फ्लोटिंग ब्रेकफास्टही घेतला.

तारकर्लीचं म्हणाल तर तिथे माझ्या चुलतभावाची होम-स्टे आहे, माडात चार खोल्या. त्याच पुण्या-मुंबईचा माणूस तिथे येतो तेव्हा हजार-बाराशेच्या खोलीसाठी दोनशे कमी करायला सांगतो, सुरमईच्या थाळीचे पैसे ऐकून ‘दादरला स्वस्त मिळते’ म्हणतो, आणि लाइट गेले की इन्व्हर्टर का नाही म्हणून वहिनीवर ओरडतो. इथे तोच माणूस पाण्याच्या बाटलीला डॉलर मोजतो आणि जाताना टीपही ठेवतो. कोकणात उधळा म्हणणाऱ्यांनी आधी कोकणात पूर्ण पैसे द्यायला शिकावं. विमानतळ चिपीला झाला, ऑक्टोबर २०२१ ला. मी कितीदा बघितलं, मला हव्या त्या दिवशी विमान नसतं. मी अजून गोव्याला उतरून गाडी करतो.

आता घरातले म्हणतील, तुझी भाकरी तिथली, तू तिथलंच बोलणार. हे खरं असतं तर बरं झालं असतं. इथला मी होऊ शकत नाही. मुसलमान नसलेल्याला इथे नागरिकत्व नाही, घटनेतच तसं आहे. पूजेची मूर्ती आणता येत नाही. चतुर्थीला आम्ही स्टाफ किचनमध्ये मोदक करतो, कुणाला न सांगता, आणि मालदीवियन शेफ दोन खाऊन जातो. परमिट संपलं की मी गेलो. हे मला टोचत नाही, नोकरी घेतली तेव्हाच माहीत होतं.

टोचतं ते दुसरं. भारताने २० जानेवारी २०२१ ला मालदीवला एक लाख कोविशिल्ड पाठवल्या, अगदी पहिल्या खेपेत. रिसॉर्टवाल्यांना लवकर मिळाल्या, त्यात माझा नंबर लागला. पुण्यात बनलेली लस मला भर समुद्रात मिळाली, आणि साठीच्या पुढची माझी आई मे उजाडला तरी मालवणात दुसऱ्या डोसच्या खेपा घालत होती. त्यातच १६ मे ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. लाइट गेले, टॉवर गेले. दोन दिवसांनी शेजाऱ्याच्या फोनवरून ती बोलली तेव्हा मांगरावर, म्हणजे घराबाहेरच्या खोपटावर, माड पडला होता. मी येतो म्हटलं. गेलो असतो तर परत कधी घेतील याची खात्री नव्हती, हे तिलाही माहीत होतं. म्हणाली, ‘येव नको. थंयच रव.’ त्या संध्याकाळी एका इटालियन जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी शॅम्पेनचा खोका बोटीतून उतरवून घ्यायचा होता. घेतला. कुणी तेव्हा माझा फोटो काढला असता तर तोही दादाच्या उजव्या चौकटीत चपखल बसला असता.

म्हणून मला त्या फोटोचा राग येतो. त्या नटीसाठी मी कशाला भांडू, तिचं ती बघून घेईल.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, इथल्या तिघा उपमंत्र्यांनी त्यांच्याबद्दल वाट्टेल ते लिहिलं, ते निलंबित झाले आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. मेसमध्ये जेवताना एका मालदीवियन सहकाऱ्याने मला विचारलं, तुमचे लोक आता येणार नाहीत का? मी ‘आमचे लोक’ ऐकून चिडलो, आणि रात्री ग्रुपवर दादाने ‘तुझ्या मालदीवला धडा शिकवला’ लिहिलं तेव्हा ‘तुझ्या’वर चिडलो. धडा कुणाला मिळाला ते मला माझ्या टेबलावर दिसलं. भारत त्या वर्षी पहिल्या नंबरवरून सहाव्यावर गेला. पनीर आणि हिंगाची मागणी खाली आली, चिनी पाहुणे वाढले, तंदूर विभागातली माणसं कमी करायची ठरली. जलाश्ववाल्या दोघांपैकी एकाचा करार वाढवला नाही.

तो आता तारकर्लीला स्कूबाच्या बोटीवर आहे. पगार इथल्यापेक्षा निम्म्याहून कमी. परवा फोन झाला तेव्हा मी म्हटलं, सीझन लागला की इथे जागा निघतील, तुझं नाव टाकू का? तो म्हणाला, टाक, पण पावसाळ्यातलं काही असलं तर बघ, तेव्हा इथलं काम बंद असतं.