काजू बीचा दर आणि ‘निव्वळ फायदा’

‘आयात शुल्क कमी केलं तर देशाचा निव्वळ फायदा’ असं वाक्य एखाद्या अहवालात दिसलं की मी आधी विचारतो, निव्वळ म्हणजे कुणाच्या खिशातून वजा करून?

काजूचंच बघा. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजू बीवरचं सीमाशुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणलं. कारण खोटं नव्हतं. देशातली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, ती आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियातून येते. आणि काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनाम कधीच आपल्या पुढे निघून गेलाय. हे सगळं अर्थतज्ज्ञांच्या गणिती मॉडेलमध्ये घातलं की कारखानदाराला लाभ, गिऱ्हाइकाला थोडा लाभ, बागायतदाराला तोटा आणि बेरीज अधिक. पण कारखानदाराचा लाभ बागायतदाराच्या घरी येतो कुठे? (सिंधुदुर्गात कधीकधी येतो म्हणा. एका भावाची बाग, दुसऱ्याचं प्रक्रिया युनिट. चतुर्थीला दोघे समोरासमोर जेवायला बसले की आयात धोरणावरची चर्चा ऐकण्यासारखी असते.)

मॉडेल नकोत असं मी म्हणत नाही. ती नसली तर ज्याचा आवाज मोठा त्याचं धोरण. पण त्यांच्या पोटात काय आहे ते तरी बघा. जागतिक व्यापाराच्या अभ्यासात सर्रास वापरला जाणारा पर्ड्यू विद्यापीठाचा जीटॅप डेटाबेस घ्या. भाज्या, फळं, सुकामेव्याची फळं, सगळं मिळून एकच क्षेत्र. लासलगावचा कांदा, देवगडचा हापूस आणि वेंगुर्ल्याचा काजू एकाच रकान्यात. बरं, त्याहून बारीक जावं, तर जागतिक सीमाशुल्काच्या सहा आकडी कोडमध्ये आंबा बसलाय पेरू आणि मँगोस्टीनसोबत. हापूस-तोतापुरी भेद तर सोडाच.

आणि या मॉडेलमधलं ते अर्थतज्ज्ञ आर्मिंग्टनचं गृहीतक! १९६९ पासून चालत आलंय: माल एकच असला तरी कुठल्या देशाचा यावरून गिऱ्हाईक त्यात फरक करतं. कागदावर ठीक. पण कारखान्यात आफ्रिकेची बी आणि आमची बी एकदा भाजून, फोडून, सोलून पाकिटात गेली की गोवा हायवेवरच्या दुकानात दोन्ही ‘कोकणचा काजू’. फरक करणार कोण आणि कशावरून? पाकिटावर बी कुठली ते छापणं सक्तीचं करा, मग ते गृहीतक लावा.

काळाचंही तेच. युरोपियन युनियनने फळमाशीचं कारण देऊन १ मे २०१४ पासून आपला आंबा थांबवला, जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचं ठरलं. वर्षाच्या आकड्यांत हे किरकोळ दिसतं, कारण हापूसची मोठी निर्यात आखातात जाते. पण ऐन मे महिन्यात युरोपसाठी निवडून भरलेली पेटी वाशीला उतरवावी लागली, तर तिला दर वाशीचाच. आणि दर पडला म्हणून पुढच्या वर्षी लागवड बदलू म्हणायला कलमं म्हणजे काय कोथिंबीर आहे?

राज्य सरकारने २०२४ च्या हंगामाच्या काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं. चांगलं केलं. पण शुल्क ठरवतानाच बागायतदाराचा तोटा वेगळा मोजून भरपाई त्याच कागदावर का नाही मांडत? बागायतदार, कारखानदार, काजू फोडायला बसणाऱ्या बायका, गिऱ्हाईक, चार रकाने पुरेत.

कारखानावाल्या मित्रांनी खाली खुशाल भांडावं. फक्त एवढं सांगा, बीचा दर पडतो तेव्हा तुमच्या पाकिटावरची किंमत किती उतरते?