बाकीचे कुठे आहेत?

नाशिकला मी एकटाच आणि नुसता फिरायला आलो आहे, हे वाक्य मी त्या एका दिवसात इतक्या लोकांना ऐकवले, की संध्याकाळपर्यंत माझाच त्यावरचा विश्वास उडाला. वास्तविक हकीकत साधी होती: घरची मंडळी एका लग्नाला गेली, मला एक शनिवार मोकळा सापडला आणि मी सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडली. परंतु ज्या गावात देशभरातली माणसे अस्थी, श्राद्ध आणि सिंहस्थ यांसाठी येतात, तिथे चाळिशी उलटलेला गृहस्थ कापडी पिशवी छातीशी धरून एकटाच उतरला, की त्या पिशवीत काय असणार याविषयी कोणालाच शंका राहत नाही. (पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि आम्लपित्ताच्या गोळ्या होत्या.)

नाशिकरोडच्या रिक्षावाल्याने "गंगेवर ना?" असे विचारले. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात हे ठाऊक असल्याने मी रुबाबात हो म्हटले. त्याने लगेच गाणी बंद केली आणि रिक्षा इतक्या अदबीने चालवू लागला, की द्वारकेच्या चौकातल्या कोंडीतही त्याने एकदा हॉर्न वाजवला नाही. अखेर मान अर्धवट वळवून त्याने हळूच विचारले, "कोण होतं?" मी "कोणी नाही हो, मिसळ खायला आलोय," असे म्हणताच तो मनापासून दुखावला. पुढचा सगळा रस्ता आम्ही कर्कश गाण्यांच्या साथीने कापला.

मिसळीच्या ठिकाणी गल्ल्यावरच्या मालकांनी "किती जण?" असे विचारले. मी एक बोट दाखवले. "हो, पण बाकीचे कुठे आहेत?" बाकीचे नाहीत हे पटल्यावर त्यांनी मला पाच जणांच्या एका कुटुंबाच्या टेबलाशी सहाव्या खुर्चीवर बसवले. समोर मोड आलेली मटकी, तिच्यावर शेव, बाजूला कांदा, लिंबू, दही, भाजलेला पापड आणि वाटीत काळपट लाल रस्सा, ज्याच्यावर तर्री अशी स्थिर उभी होती, की तिच्यात मला माझा चेहरा आणि त्यामागे माझ्याकडे निरखून पाहणाऱ्या काकू, असे दोघेही दिसत होते. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते तिखटाचे होते. काकूंनी मात्र त्याचा वेगळा अर्थ लावला. "मिसेस नाही आल्या?" त्यांनी विचारले. "लग्नाला गेली आहे," मी नाक ओढत म्हणालो. "आणि तुम्हाला नाही नेलं?" एवढे बोलून त्यांनी आपल्या ताटलीतली जिलबी माझ्या पानात ठेवली आणि यजमानांकडे असे पाहिले, की त्या बिचाऱ्यांनी तिसऱ्यांदा मागवलेला रस्सा परत पाठवला.

काळाराम मंदिरात कोणी काही विचारले नाही. 'तुम्ही कोण?' हा प्रश्न या दाराशी गमतीचा नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. त्या आवारात मी माझी तक्रार थोडा वेळ पिशवीत ठेवली. कपालेश्वराला मात्र खरा दिलासा मिळाला, कारण तिथे महादेवासमोर नंदी नाही. नंदीला देवाने गुरू मानले, म्हणून तो समोर बसत नाही, अशी कथा सांगतात. कारण काहीही असो, नाशकात एकटे राहणारे आम्ही दोघेच होतो.

दुपारी पांडवलेणी चढलो. एकूण २४ लेणी. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने आपले दानधर्म दगडात कोरून ठेवले आहेत: तीन लाख गाई दिल्या, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण नाणी ठेवली, त्यांतल्या २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण व्याज, आणि ते व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व किरकोळ खर्चासाठी. ठेवीची पावती इतक्या टिकाऊ वस्तूवर देण्याची पद्धत बंद पडली, याची मला हळहळ वाटली. तिथेही सेल्फी काढणाऱ्या चार मुलांनी मला "काका, फोटो काढता का?" असे विचारले आणि नंतर दयेने मलाही मध्ये उभे केले.

संध्याकाळी रामकुंडावर आलो. दुतोंड्या मारुती, ज्याच्या अंगावर कुठवर पाणी चढले यावरून गाव पुराचा अंदाज घेते, तो कोरडाठाक उभा होता. मी पायरीवर टेकतो न टेकतो तोच एक गुरुजी आले. "गाव? आडनाव?" मी वाक्य पुन्हा म्हटले. त्यांनी ते ऐकलेही नाही. आमच्या गावची नामावळी ज्यांच्याकडे असते त्या गुरुजींच्या ओसरीवर मला नेऊन पोहोचवले. त्या गुरुजींनी लाल कापडात बांधलेला लांबट चोपडा सोडला, पाने उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

आजोबांचे अक्षर होते. 'ळ'ची शेपटी तशीच खालच्या ओळीत घुसलेली. मातोश्रींच्या अस्थी घेऊन आल्याचे लिहिले होते आणि खाली सोबतच्यांची नावे: दोन भाऊ, आत्या, शेजारचे तिघे, असे करत करत एकूण अकरा.

"लिहा," गुरुजींनी पेन पुढे केले. "कोण कोण आलात, कशासाठी आलात."

मी नाव लिहिले. पुढे 'एकटा' लिहिले. मग बराच वेळ पेन हवेत धरून, अकरा जणांच्या खाली, शक्य तितक्या बारीक अक्षरांत 'मिसळ' असे लिहिले.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचले. मी मान खाली घातली.

"कुठे खाल्लीत?" त्यांनी विचारले.

मी ठिकाण सांगितले.

"अहो, तिला काय मिसळ म्हणतात?" असे म्हणून त्यांनी चोपडा मिटला आणि पायांत चपला सरकवल्या. "चला."