'बास म्हणजे सोनं, केसमध्ये बंद करून ठेवा': एका फिरत्या निरोपाला उत्तर

गणपती उठले की बडोद्यात गरब्याच्या तालमी रंगात येतात, आणि त्याच सुमाराला बास गिटार वाजवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरू लागतो. दर वर्षी तोच, फक्त एखादी ओळ वाढलेली. सारांश असा: 'ब्रँडेड अमेरिकन बास म्हणजे सोनं, दहा वर्षांत दुप्पट. तारा पूर्ण उतरवा, केसमध्ये भरपूर सिलिका जेल टाका, बंद करा आणि विसरून जा. वाजवलात की किंमत उतरली. मानेला वर्षातून दोनदा लेमन ऑइल. घेताना सीरियल नंबर जुळला की माल अस्सल. शिसवाचा फिंगरबोर्ड असेल तर परदेशातून आणू नका, विमानतळावर जप्त होतो. आणि फोटो कुणाला दाखवू नका, चोराची नजर लागते.' शेवटी जोडलेल्या हातांची रांग आणि 'प्रत्येक संगीतप्रेमीपर्यंत पोहोचवा'. (केस म्हणजे बासची पेटी, मान म्हणजे तारांखालची लांब दांडी, फिंगरबोर्ड म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी.)

पोहोचवणारे पोहोचवतात. यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तर हा निरोप लोकांच्या गळी उतरतो.

सोन्यापासून सुरुवात करू. ज्या किमती ऐकून डोळे विस्फारतात त्या फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जुन्या वाद्यांच्या. लिओ फेंडरनं प्रिसिजन बास 1951 मध्ये काढला, जॅझ बास 1960 मध्ये, आणि 1965 च्या सुरुवातीला कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली. त्याआधीचे बास लाखोंनी जातात, हे खरंच. पण ते मुळात थोडे, आणि त्यातही मूळ रंग, मूळ पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक), मूळ ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) शाबूत असलेले आणखी थोडे. आज कोरोनाच्या (कॅलिफोर्नियातलं गाव, ती साथ नव्हे) कारखान्यातून निघणारा बास कितीही देखणा असला तरी तसाच दुसरा उद्या दुकानात मिळतो. समजा तुम्ही 2 लाखांना घेतलात आणि वर्षभरात बिलासकट विकायला काढलात, तर 1 लाख 30-40 हजारांची बोली आली तरी पदरात पाडून घ्या. तेच 2 लाख 7 टक्के चक्रवाढीनं मुदत ठेवीत ठेवले असते तर 10 वर्षांत 3 लाख 93 हजारांच्या आसपास झाले असते. ठेवपावतीला पावसाळा बाधत नाही, हा वरचा फायदा. 2020-21 मध्ये लोक घरात अडकले तेव्हा गिटार आणि बासचे भाव जगभर चढले होते. 'दुप्पट'चा हिशेब बहुधा तिथलाच. पुढे ते खाली आले, तेवढं मात्र निरोपात लिहायचं राहिलं.

शिवाय आपल्या गावात असा बास घेणार कोण? गरब्याच्या पार्टीतला वादक, चर्चमध्ये वाजवणारा, नाहीतर युनिव्हर्सिटीतल्या बँडमधलं एखादं पोरगं. काचेच्या कपाटात मांडून ठेवणारा संग्राहक माझ्या तरी पाहण्यात नाही. गिऱ्हाईक दारात आलं की पैशाचं बोलणं नंतर, आधी 'वगाडीने बतावो', म्हणजे वाजवून दाखवा. आणि वाजवायला घेतलेला बास तारा उतरवून वर्षानुवर्षं पडलेला असला तर सौदा तिथंच फिसकटतो.

तारा उतरवण्याचा हा सल्ला बडोद्यात चटकन पटतो, त्याचं कारण मला कळतं. सयाजीरावांनी गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली ती 1886 मध्ये. तंतुवाद्यं कशी जपायची याचं शहाणपण या गावात जुनं आहे. तानपुऱ्याला गवसणी घालतात, बरेच दिवस पडून राहायचा असेल तर तारा सैल सोडतात. तानपुऱ्याला ते शोभतं, कारण त्याच्या दांडीत पोलादी सळई नसते. बासच्या मानेत असते. तिचं नाव ट्रस रॉड.

नेहमीच्या बासच्या तारांची वाजती लांबी 34 इंच. चार तारा सुरात लावल्या की मिळून 70 ते 80 किलोचा ताण मानेला पुढं ओढतो, आणि रॉड तिला मागं खेचतो. या दोघांच्या ओढाताणीत मान जवळपास सरळ राहते. 'जवळपास', कारण किंचित पोकळी हवीच. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण 0.3 मिलिमीटर फट दिसायला हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. आता तारा पूर्ण उतरवा. पुढची ओढ गेली, मागची तशीच राहिली. महिन्याभरात मोठं काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं तसंच राहू दिलं तर मान मागं वाकते आणि पुढं तारा लावल्यावरही नीट परत येईल याची खात्री नसते.

दांडिया बाजारातल्या एका घरी असा 'जपलेला' बास पाहिला. म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे, घरातल्या काकांनी न्यू जर्सीहून आणलेला, कपाटावर आडवा ठेवलेला. स्टिंगरे हा 1976 पासूनचा बास. आत प्रीअँप (आवाज वाढवणारं सर्किट), त्याला 9 व्होल्टची बॅटरी. केसच्या खिट्या उघडल्या आणि आधी वास आला, ओल्या तांब्याचा. बॅटरीचा कप्पा उघडला तर टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी, एक वायर मुळापासून खाल्लेली. मानेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करवतीसारखी बोटाला लागत होती. तारा लावल्या आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर सूर निघेना, तार फ्रेटवर चिकटूनच बसलेली. काकू बिचाऱ्या हिरमुसल्या. 'अरे, हात लावला नाही रे कुणी त्याला, मग बिघडला कसा?' म्हटलं, 'काकू, म्हणूनच.' या बासला मानेच्या बुडाशी ट्रस रॉडचं छोटं चाक असतं, मान न काढता फिरवता येतं. ते एकेक पाव फेरा सैल करत, मध्ये काही दिवस जाऊ देत मान पुढं आणली. बॅटरीची क्लिप नवी, फ्रेटची टोकं घासून घेतली. बास वाजू लागला. पण काकांच्या मनात जी किंमत होती तिच्या जवळपासही कुणी फिरकलं नाही.

तेव्हा तारा सुरातच ठेवा, फार तर एक स्वर उतरवून. पडून राहणार असेल तर बॅटरी काढा. रोज वाजणाऱ्या बासची केबलसुद्धा काम झालं की काढा, कारण बहुतेक अॅक्टिव्ह (बॅटरीवाल्या) बासमध्ये केबल जॅकमध्ये गेली की बॅटरी चालू होते आणि केबल काढेपर्यंत खर्च होत राहते. वाजवल्यानं फ्रेट झिजतात, मान्य. झिजलेले फ्रेट घासता येतात, बदलता येतात. घामाचं म्हणाल, तर गरबा आटपल्यावर सुक्या कपड्यानं तारा आणि ब्रिज (तारांखालची घोडी) पुसायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं नऊ रात्रींत कुणी काढत नाही. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सन या बासवादकानं तारा तुटेपर्यंत बदलल्या नाहीत, हा दाखला आळशी मंडळी तोंडपाठ ठेवतात. त्याच्या हाताची गोष्ट वेगळी होती.

सिलिका जेलबद्दलची ओळ पावसाळ्यापुरती अर्धी बरोबर. जुलैत भिंतींना ओल येते तेव्हा चार पुड्या टाकल्या तर वाईट नाही. पण मे महिन्यात पारा 42 च्या घरात असताना, कोरड्या हवेत, बंद केसमध्ये तीच जेल लाकडातला उरलासुरला ओलावाही ओढून घेते. लाकूड आकसतं, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. वर सांगितलेली करवत अशीच तयार झाली असणार. वाद्याला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. काही शे रुपयांचं डिजिटल आर्द्रतामापक केसमध्ये टाका आणि आकडा बघून ठरवा. ओलावा घेणाऱ्या आणि सोडणाऱ्याही पुड्या मिळतात, त्या जेलपेक्षा कधीही बऱ्या. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बास ठेवू नका. निरोपात याबद्दल अवाक्षर नाही, पण सांधे उकलतात ते तिथं.

लेमन ऑइल शिसव किंवा एबनीच्या कोऱ्या फिंगरबोर्डला, वर्षातून एकदा, दोन थेंब. मेपल लाकडाच्या वार्निश केलेल्या मानेवर ते मुरतच नाही, नुसता चिकटा राहतो. या मुद्द्याला याहून जास्त जागा नको.

आता सीरियल नंबर. इथं लोक खरोखरच फसतात. फेंडरच्या बहुतेक बासची मान चार स्क्रूंवर बसवलेली असते. स्क्रू काढले की मान वेगळी, बॉडी वेगळी. एका बासची मान दुसऱ्याला लावायला दहा मिनिटं पुरतात. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून साठच्या दशकापर्यंतच्या फेंडरवर नंबर मागच्या लोखंडी पट्टीवर असे, आणि कारखान्यात त्या पट्ट्या क्रमानं वापरल्या जात नसत. त्यामुळं नंबरावरून फार तर दोन-चार वर्षांचा अंदाज बांधता येतो. साधारण 2010 पासूनच्या फेंडरवर अमेरिकेतल्या मालाला यूएस आणि मेक्सिकोतल्या मालाला एमएक्स अशी सुरुवात असते, हे उपयोगी. पण नक्कल करणारा काही नवा नंबर शोधायला बसत नाही. खऱ्या बासवरचा नंबर उचलून छापतो. वेबसाइटवर टाकला की 'जुळला'. जुळणारच.

मग बघायचं काय? जुना बास असेल तर मान काढायला लावा. मानेच्या बुडावर पुष्कळदा पेन्सिलनं लिहिलेली किंवा शिक्क्यानं उठवलेली तारीख सापडते. मग नॉबच्या खालचे पॉट (आवाज कमी-जास्त करणारे भाग) बघा. त्यांच्या पाठीवर आकडे असतात: 137 म्हणजे सीटीएस कंपनीचा, 304 म्हणजे स्टॅकपोलचा, त्यापुढं वर्ष आणि आठवडा. 137 6612 असेल तर तो पॉट 1966 च्या बाराव्या आठवड्यातला, म्हणजे बास त्याआधी पुरा झालेला असणं शक्य नाही. विकणारा '1964 चा आहे' म्हणत असेल तर एकतर पॉट बदललाय किंवा गोष्ट बदललीय. रंग पुन्हा मारलेला असेल तर जुन्या बासची किंमत निम्म्यावर येते असा बाजारातला ढोबळ नियम आहे, म्हणून स्क्रूच्या भोकांत आणि मानेच्या खाचेत डोकावून बघा, खालचा रंग तिथं चुगली करतो. रिकनबॅकरचं काम सोपं. ती कंपनी माल फक्त कॅलिफोर्नियातल्या सांता आनामध्ये बनवते, स्वस्तातली दुसरी मालिका काढत नाही. तीस हजारांत नवा कोरा रिकनबॅकर दिसला तर नंबर तपासायचीही तसदी घेऊ नका.

अस्सल ठरला तरी वाजवून बघायचंच. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच विझतो का ते ऐका. फेंडर पद्धतीच्या पुष्कळ बासना तिथं मुकी जागा असते. वजन करा. चार किलोच्या आसपास असेल तर ठीक, साडेचारच्या वर गेला की नवरात्रात खांदा बोलतो आणि पुढं विकतानाही गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मागच्या चार स्क्रूंना हात लावू न देणाऱ्या विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

जप्तीची भीती शिळी आहे. शिसवाच्या जातीच्या लाकडांवर 2 जानेवारी 2017 पासून आंतरराष्ट्रीय बंधनं आली, तेव्हा कागदपत्रांचा खरंच त्रास होता. तयार वाद्यांना त्यातून 26 नोव्हेंबर 2019 पासून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुड मात्र 1992 पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि अजूनही तिथंच आहे. ते लाकूड असलेला जुना बास आणणाऱ्यानं कागद आधी करावेत. साठच्या दशकानंतरच्या बहुतेक शिसवी फिंगरबोर्डवर आपल्याच दक्षिणेतलं शिसव असतं. ते अमेरिकेला जाऊन परत येताना आपण घाबरायचं, ही गंमतच. कस्टमची ड्यूटी हा वेगळा विषय. बिल जवळ ठेवा, माल जाहीर करा आणि पावती जपून ठेवा. पुढं विकताना ती पावती दाखवलीत तर घेणारा निम्मे प्रश्न विचारतच नाही.

राहिला फोटोंचा मुद्दा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींचा 1961 चा हॉफनर बास 1972 मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेला. तो त्यांना परत मिळाल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. त्या बासची छायाचित्रं जगभर होती, लोकांना तो कसा दिसतो ते माहीत होतं, म्हणून शोध घेणाऱ्यांना धागा मिळाला आणि ओळखही पटवता आली. आपल्या बासला तेवढी प्रसिद्धी नाही, म्हणून फोटो जास्तच हवेत: हेडस्टॉक (मानेचं वरचं टोक), नंबर, मागची पट्टी, बॉडीच्या लाकडाच्या रेषा, आणि प्रत्येक टवका जवळून. टवके सर्वांत महत्त्वाचे, कारण नंबर खरवडता येतो, टवका नाही. हे फोटो, बिल आणि कस्टमची पावती केसच्या खिशात ठेवू नका. केस गेली की तीही गेली. घरचा पत्ता न देता फोटो ओळखीच्या वादकांना पाठवून ठेवा. मांडवीपासून अलकापुरीपर्यंत बास वाजवणारे एकमेकांना ओळखतात, आणि चोरीचा माल बहुधा त्यांच्यापैकीच कुणाला तरी दाखवायला येतो.