शहर मागचा पडदा नसतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

लंडनच्या साहित्यावर एम.ए. करण्याबद्दल मी जे लिहिलं त्यावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की चार्ल्स डिकन्स काय नि व्हर्जिनिया वुल्फ काय, हे लंडनवर लिहिणारे कादंबरीकार घरबसल्या वाचता येतात, शहर ही कथेची नुसती पार्श्वभूमी, त्यावर पदवी म्हणजे सहलीचं सर्टिफिकेट. आणि साहित्य साहित्य म्हणून वाचावं, त्यात नकाशे नि आकडे कशाला. असं बऱ्याच जणांना वाटतं म्हणून जरा लांबण लावते.

घरबसल्या वाचता येतं हे शंभर टक्के मान्य. आज तर अभ्याससुद्धा बराचसा घरबसल्या होतो, चार्ल्स बूथ या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकाचे लंडनच्या गल्लीगल्लीतली गरिबी रंगांनी दाखवणारे नकाशे ऑनलाइन आहेत, लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे जवळपास दोन लाख खटले फुकट वाचायला मिळतात. म्हणजे सहलीचा मुद्दा तसाही निकालात निघतो. पण एम.ए.ला पुस्तक आवडलं एवढ्यावर भागत नाही, ते शहरातल्या कशातून घडलंय हे कागदाला कागद लावून दाखवावं लागतं.

इंग्रज लेखक डॅनिएल डीफोचंच घ्या. लंडनच्या १६६५च्या प्लेगवरचं त्याचं 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' हे पुस्तक आलं १७२२ साली, त्यावर त्याचं नावच नाही, सगळा काळ लंडनमध्येच राहिलेल्या एका नागरिकाने लिहिलंय असं छापलेलं. प्लेग आला तेव्हा डीफो स्वतः असेल पाचेक वर्षांचा! आता त्यातला निवेदक काय करतो बघा. ऑल्डगेट या शहराच्या वेशीबाहेर राहणारा, खोगिरांचा धंदा करणारा हा माणूस मृत्यूचे तक्ते वाचत बसतो. कुठल्या पॅरिशमध्ये (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) किती जण पुरले आणि शहरात कोण कशाने मेलं याची यादी तेव्हा लंडनमध्ये दर आठवड्याला छापून विकली जायची, ते तक्ते खरेखुरे आहेत आणि आजही बघता येतात. तर निवेदकाच्या लक्षात येतं की सेंट जाइल्स या पॅरिशमध्ये प्लेगच्या नावावर जेमतेम एखाददुसरा मृत्यू लिहिलाय पण पुरलेल्यांचा एकूण आकडा मात्र नेहमीपेक्षा पुष्कळ वर गेलाय. म्हणजे लोक रोग लपवतायत, कारण प्लेग म्हटलं की अख्खं घर माणसांसकट बाहेरून बंद आणि दारावर लाल क्रॉस. बहुतेक वाचक हे आकडे ओलांडून पुढच्या वर्णनाकडे धावतात, आणि मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं की थांबा, खरी भीती तिथेच आहे, दोन आकड्यांच्या मधे. आकडे कशाला असं तुम्ही विचारलंत ना, या पुस्तकातून आकडे काढले तर निवेदकाची नजरच काढून घेतल्यासारखं होईल.

साहित्य म्हणून वाचावं हा तुमचा आग्रह मात्र मला पटतो. कादंबरी म्हणजे शहराचा नुसता पुरावा असं धरून लिहिलेलं डिझर्टेशन वाईटच होतं. पण शहर धरून वाचलं की लेखनातलं जास्त दिसतं, कमी नाही. डिकन्सची 'ब्लीक हाउस' १८५२ला हप्त्याहप्त्याने यायला लागली, तिची सुरुवात धुक्याने, आणि ते धुकं सगळ्यात दाट कुठे तर वारसा-मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या चान्सरी कोर्टापाशी, जिथे एक खटला पिढ्यानपिढ्या रेंगाळलाय. मग त्रिनिदादहून लंडनला आलेल्या सॅम सेल्व्हनची १९५६ची 'द लोन्ली लंडनर्स', तीही हिवाळ्यातल्या धुक्यातच उघडते, पण इथे मोझेस नावाचा कॅरिबियन माणूस ४६ नंबरची बस पकडून वॉटर्लू स्टेशनवर चाललाय, नव्याने येणाऱ्या एका अनोळखी माणसाला उतरवून घ्यायला, आणि निवेदनसुद्धा त्याच लोकांच्या बोलीत. दोन्हीकडे तेच कोळशाच्या धुराचं धुकं (१९५२च्या डिसेंबरात त्याने हजारो माणसं मारली, आणि स्वच्छ हवेचा कायदा झाला तो १९५६लाच). डिकन्स धुक्यातून थेट न्यायाधीशापर्यंत जातो आणि सेल्व्हन बसस्टॉपवर उभा राहतो. कुणाला शहर कुठून दिसतं हे असं दोन परिच्छेद शेजारी ठेवून कळतं, सेमिनारमध्ये यावर तासन्‌तास वाद होतात आणि व्हायलाच हवेत.

राहिला वुल्फचा मुद्दा. 'मिसेस डॅलोवे'त (१९२५) लंडन नुसतं मागे पसरलंय असं तुम्ही लिहिलंय. रात्री पार्टी देणारी क्लॅरिसा डॅलोवे आणि युद्धातून परतलेला, मन खचलेला सेप्टिमस कादंबरीभर एकदाही भेटत नाहीत. बॉंड स्ट्रीटवर एका मोटारीचा बार उडतो, ती आत फुलांच्या दुकानात दचकते, तो बाहेर फुटपाथवर अडकून पडतो, मग आकाशात जाहिरातीची अक्षरं काढणारं विमान, आणि दिवसभर बिग बेनचे ठोके दोघांच्याही डोक्यावर. रात्रीच्या पार्टीत त्याच्या मरणाची बातमी तिच्या कानावर पडेपर्यंत या दोघांना एकत्र बांधून ठेवतं ते मुख्यतः हे शहरच. आता यातून लंडन वजा करा आणि राहिलेली कादंबरी कशी वाचायची ते मला सांगा, तुमचं उत्तर मी खरंच मन लावून वाचेन.