तापाची नोंद केली म्हणून रेशन बंद होत नाही

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "आशाताईंना ताप सांगू नका. नाव ऑनलाइन गेलं की घर सील होतं, रेशन बंद होतं." हे खोटं आहे.

ही नोंद केंद्र सरकारच्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची. तो २००४ पासून चालू आहे. पूर्वी कागदी फॉर्म आठवड्याने पुढे जात. २०२१ पासून देशभर ऑनलाइन नोंद होते. उपकेंद्रातून जाते ती गावातली संख्या: तापाचे किती, जुलाबाचे किती. नाव आणि फोन मात्र डॉक्टरांच्या आणि प्रयोगशाळेच्या नोंदीत असतो, हे लपवायचं कारण नाही. तो रुग्णाच्या घरापर्यंत पोचण्यासाठी असतो. रेशनकार्डाशी त्याचा काही संबंध नाही.

आता हे का लागतं, ते बघा. रावेरचा माणूस दाखवायला बऱ्हाणपूरला जातो, अक्कलकुव्याचा गुजरातेत. तिथे डेंग्यू निघाला तर आपल्या आरोग्य केंद्राला कळायचं कसं? सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी आल्या, तरच एका गल्लीतले चार ताप एकत्र दिसतात. मग पथक येतं ते टाक्या, ड्रम, रांजण तपासायला. नळाला रोज पाणी नसलेल्या आपल्या गावांत साठवण करावीच लागते, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तेवढ्यात कळलं तर अळी मारता येते. नोंद लपली तर पुढचा ताप शेजारच्या लेकराला.

आशाताई दारात आल्या तर ताप सांगा, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.