ओहोटी साडेदहाची

पौषात लग्नं नसतात, मुंजी नसतात, वास्तुशांतही शहाणा माणूस काढत नाही. त्यामुळे आम्हा चौघी बहिणींना कुठे एकत्र जायचं तर पौषच. एरवी एकीच्या नणंदेच्या घरी कार्य निघतं, नाहीतर दुसरीची विहीण माहेरपणाला येते. यंदा ठरलं अलिबागजवळचं नागाव. नारळी-पोफळीची वाडी, घरगुती जेवण, आणि समुद्र पाच मिनिटांवर. पाच मिनिटं हे वाडीच्या मालकीणकाकूंचं माप. त्या एकट्या चालतात.

मी आणि बेबी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो, ताई पुण्याहून आणि माई नाशिकहून गाडीने. बेबीला नातू झालाय, पण ती बेबीच. वर्षानुवर्षांनी भेटलं की वय गळून पडतं म्हणतात. आमचं वय बिलकूल गळत नाही, फक्त क्रमांक लागतो. ताई हुकूम सोडते, माई हरकत घेते, बेबी रुसते आणि हिशेब माझ्याकडे येतो. खिडकीची जागा अजूनही बेबीला, कारण तिला गाडी लागते. बोटही लागते. बैलगाडी लागेल का, हे अजून तपासलेलं नाही.

थंडीचा वाद पहिल्याच संध्याकाळी निकालात निघायला हवा होता. माई नाशिकची. जानेवारीत पारा आठ-नऊवर उतरलेला पाहायची सवय, त्यामुळे कोकणातल्या थंडीला ती 'पंखा एकवर' म्हणते. ताईने मात्र चौघींच्या मापाच्या कानटोप्या आणल्या होत्या. "खारा वारा कानातून शिरतो आणि गुडघ्यात बसतो," असं तिचं शरीरशास्त्र. रात्री नागावकर मंडळी अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून ओटीवर बसली होती आणि त्यांच्यासमोर आम्ही चौघी केदारनाथला निघाल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी कुलाबा किल्ल्यात जायचं होतं. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराने गाजवलेला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. भरतीचं गणित मला पाठ आहे: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेदहाला, पूर्ण ओहोटी. दहाला किनाऱ्यावर उभं राहायचं, बाराच्या आत परत. इतकं स्वच्छ गणित होतं. फक्त त्यात न्हाणीघर एकच आहे, हे कुठल्याच पंचांगात दिलेलं नसतं.

त्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. नारळाची सोडणं घालून पेटवलेला, चकचकीत, आमच्या माहेरी होता अगदी तसाच. झालं. बंबाभोवती चौघी जमल्या. आपल्या बंबाची तोटी डावीकडे होती की उजवीकडे? तो मोडीत कुणी दिला? मोडीचे पैसे कुणाला मिळाले? सव्वासात ते आठ हा वेळ आंघोळीसाठी राखलेला होता. तो चौकशी समितीने खाल्ला. मग "आधी तू जा", "नाही, तुझं डोकं धुवायचंय, तू जा" असा आग्रह सुरू झाला. आमच्यात पुढे जाण्यासाठी कधीच भांडण होत नाही, मागे राहण्यासाठी होतं. ताई शेवटी गेली ती स्तोत्र म्हणत. माईच्या मते तिने ते मुद्दाम दोनदा म्हटलं.

साडेनऊला काकूंनी घावने घातले. बिडाच्या तव्यावरचा जाळीदार घावन, त्यावर नारळाचा रस, गूळ घातलेला. तो गार झाला की कातड्यासारखा होतो, म्हणून काकू एकेक करून पानात वाढत होत्या आणि आम्ही एकेक करून "आता शेवटचा" म्हणत होतो. मी साडेदहा वाजल्याचं सांगितलं. "समुद्र कुठे पळून जातोय?" ताई म्हणाली. वास्तविक तो रोज दोनदा पळून जातो आणि दोनदा परत येतो, रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. म्हणजे उशिराच्या बाबतीतही तो आमच्यापेक्षा नेमस्त आहे.

अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. किल्ला समोर होता, मधे पाणी होतं. घोडागाडीवाल्याने आमच्याकडे, मग घोड्याकडे पाहिलं. "जायला जमंल," तो म्हणाला, "यायचं काय ते तुमचं तुम्ही बघा." आतल्या गणपतीला ताईने वाळूतूनच हात जोडले आणि देवाला अंतर नसतं म्हणाली. हे आधी सांगितलं असतं तर मी चौथा घावन खाल्ला असता.

मग वाळूत सतरंजी पडली. समुद्राकडे पाठ करून, कारण ऊन तोंडावर येत होतं. लहानपणी अशाच एका किनाऱ्यावर लाटेने चप्पल नेली होती, तो विषय निघाला. ताई म्हणे ती तिची, नवी, लाल पट्ट्यांची. माई म्हणे ताईने तेव्हा सँडल घातले होते. बेबी तर त्या चपलेसाठी रडल्याचं सांगत होती, आणि ती रडली होती हे खरंच, पण ती सगळ्याचसाठी रडायची. चप्पल एक, हक्कदार चार. माझीच होती ती. जवळच पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणारी चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा यायच्या झाल्या तेव्हा सूक्ष्म उपकरणं बिघडू नयेत म्हणून १९०४ साली मुंबईतल्या कुलाब्याचं हे काम अलिबागला आणलं. ट्रामा बंद झाल्या, पण त्या दुपारच्या नोंदीत काही आढळलं असेल तर शास्त्रज्ञांनी सूर्यावरच्या वादळांना दोष देऊ नये.

संध्याकाळी पोपटी होती, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, आणि तिथे मात्र चौघी वेळेवर हजर. भात निघालेल्या शेतात दवावर वाढलेला वाल. त्याच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, जाडं मीठ आणि ओवा मडक्यात भरलेला, खाली-वर भांबुर्डीचा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा-काटक्या पेटवल्या. अर्ध्या तासाने काकूंच्या मुलाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे शिजली. भांबुर्डीच्या उग्र वासाच्या शेंगा बोटं पोळत सोलताना ताईसुद्धा हुकूम द्यायची थांबली. तोंड भरलेलं होतं.

माझ्या यजमानांचा फोन आला. फोटो पाहून विचारत होते, समुद्र कुठाय? फोन ताईने घेतला आणि "मागे आहे" म्हणून ठेवून दिला.

शेवटी अंडी उरली पाच. चौघींना एकेक झालं. पाचवं "तू घे", "अगं तूच घे", "बेबीला दे, ती लहान आहे" करत सगळ्या पत्रावळींवरून दोनदा फिरलं, गार झालं. ते गाडीच्या ड्रायव्हरने खाल्लं. त्याने कुणाला विचारलं नाही.